ऑइल खाणारी पिकअप आणि इंजिनकामाचे नऊ दिवस

पिकअप ऑइल खाते अशी तक्रार घेऊन मालक आला, की इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण सैल करायचं आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवायचं. जागच्या जागी थरथरलं तर फारसं बिघडलेलं नाही. उडून खाली पडलं, तर पिस्टनच्या वरचा गॅस खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल असतं तिथे, उतरतोय. मग ब्रीदरचा, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारा, पाइप काढून त्याच्या तोंडाशी तळहात धरायचा. हाताला तेलकट, गरम वाफ ठोके देत लागली की मालकाला खुर्ची द्यायची, कारण पुढचं बोलणं लांबणार असतं.

ही गाडी २०१८ ची. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून जबर दाबाने डिझेल देणारं) डिझेल इंजिन, धुराच्या बीएस४ नियमाचं, मीटरवर दोन लाख ऐंशी हजार. काम नारायणगावहून वाशीला टोमॅटो, आणि परतीला मिळेल ते भाडं: खत, टाइल्स, कधी सिमेंट. तक्रारी दोन. हजार किलोमीटरला दोन लिटर ऑइल लागतं, आणि माळशेज चढताना टेंपरेचरचा काटा वर जातो. भाजीची गाडी घाट उतरते तेव्हा भरलेली असते, म्हणून मार ब्रेकला बसतो. इंजिनाला मार बसतो तो परतीच्या भाड्यात. घाटात गरम होते असं कुणी म्हणालं, की परतीला काय भरता हे आधी विचारावं.

ऑइल खाणं आणि गरम होणं हे एकाच दुखण्याचं असेल किंवा दोन वेगळ्या दुखण्यांचं. न तपासता इंजिन उघडलं की हमखास चुकतं. झाकण उडालं म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगाच गेल्या असंही नाही. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याचा, सील गेला तरी चेंबरमध्ये दाब येतो. म्हणून इंटरकूलरचा रबरी पाइप काढून आत बोट फिरवायचं. ओलसर तेल थोडं असतंच. पाइप तिरका केल्यावर धार लागली तर आधी टर्बो बघायचा. टर्बोचा शाफ्ट बोटांनी वर-खाली हलवला तर जरा हलतो, तो ऑइलच्या पडद्यावर फिरतो म्हणून. पुढे-मागे हलायला लागला किंवा पंखा घराला घासल्याची खूण दिसली, की तो संपला. या गाडीचा टर्बो धड होता.

पुढे कॉम्प्रेशन. ग्लो प्लग (थंड इंजिन चालू होताना सिलिंडर तापवणारा) काढून त्या भोकात अडॅप्टर बसवायचा, इंजेक्टरचे सॉकेट काढून ठेवायचे, बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन गरम, आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फ पाच-सहा सेकंद. इथे आकडे आले ३९०, ३८०, २७०, ३७५ पीएसआय. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांपर्यंतचा फरक पोटात घालता येतो. तिसरा जवळजवळ तीस टक्क्यांनी खाली. पेट्रोल गाडीत अशा वेळी चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात आणि आकडा चढला तर रिंग, नाही तर व्हॉल्व्ह असा निकाल देतात. डिझेलमध्ये ही युक्ती फसवी आहे. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागाच इतकी कमी, की तेवढ्या ऑइलने ती भरते आणि आकडा उगाच फुगतो. त्यापेक्षा सिलिंडरचा पिस्टन टॉपला आणून, गाडी गिअरमध्ये अडवून, कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची आणि कान लावायचा. ऑइलच्या तोंडातून फुस्स आलं तर रिंग-बोअर (बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी), एअर फिल्टरच्या बाजूने आलं तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरचं झाकण उघडं असताना पाण्यात बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. तिसऱ्या सिलिंडरची हवा दोन ठिकाणांहून येत होती: ऑइलच्या तोंडातून आणि रेडिएटरमधून. तक्रारी दोन होत्या, दुखणीही दोन निघाली. पण त्यांचं मूळ बरंचसं एकच होतं, ते उघडल्यावर कळलं.

“मिस्त्री, हाफ इंजिनमध्ये भागवा. सीझन तोंडावर आहे.” हे वाक्य ऐकल्याशिवाय एकही इंजिनकाम सुरू होत नाही. हाफ म्हणजे इंजिन चासीवरच ठेवून वरून हेड आणि खालून ऑइल पॅन उतरवायचा, पिस्टन वरून काढायचे, रिंगा आणि कनेक्टिंगची बेअरिंग बदलायची, व्हॉल्व्ह घासायचे आणि बंद करायचं. तीन-चार दिवसांत गाडी रस्त्यावर. फुल म्हणजे इंजिन खाली, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) बाहेर, ब्लॉक मशीन शॉपला. हाफ वाईट नाही. बोअर गोल असेल तर हाफवर गाडी आणखी लाखभर किलोमीटर आरामात जाते. पण बोअर अंडाकृती झालेला असताना नव्या रिंगा टाकल्या तर त्या दोन महिन्यांत पुन्हा ऑइल खेचतात, आणि तेव्हा पहिले पैसे पाण्यात गेलेले असतात. म्हणून हाफ की फुल हे हेड उतरवून बोअर गेजने मोजल्यावर ठरवायचं, आणि मालकाला आधी तसंच सांगून ठेवायचं. गेज बोअरच्या वरच्या टोकाशी धरायचा, जिथे पहिली रिंग वळते तिथे, आणि दोन दिशांना: इंजिनाच्या लांबीत आणि आडवा. आडव्या दिशेला झीज जास्त असते, कारण पिस्टन त्याच बाजूंना रेटला जातो. पहिला, दुसरा आणि चौथा बोअर ०.०८ च्या आसपास झिजलेला, तिसरा ०.१९ मिलिमीटर. वर तिसऱ्यात उभे ओरखडे, नखाला लागणारे. फुल.

पाणी सोडलं तेव्हा तळाच्या कॉकमधून गंजकट तांबडं पाणी आलं, कूलंटचा हिरवा-गुलाबी रंग औषधालाही नाही. थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. कुठल्या तरी गॅरेजात कधीतरी गाडी गरम होते म्हणून तो काढून फेकला होता. हा उपाय आपल्याकडे इतका रुळलाय, की बरेच मालक तो स्वतःच सुचवतात. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. उघडताना तो आणखी एक काम करतो: रेडिएटर टाळून पंपाकडे परत जाणारी बायपासची वाट खालच्या चकतीने बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी. मग घाटात, जेव्हा पाण्याचा थेंबन् थेंब रेडिएटरमधून जायला हवा, तेव्हा बरंचसं पाणी गरमच्या गरम इंजिनात फिरत राहतं. आणि सपाटीवर उलट: इंजिन कधी पुरतं तापतच नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी वाढते, न जळलेलं डिझेल बोअरच्या भिंतीवरचा ऑइलचा पडदा धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळतं, रिंगा काजळीने खाचेत चिकटतात. म्हणजे घाटात गरम आणि सपाटीला थंड, दोन्हीकडून मार.

त्यात बोअरचं पाणी. जमिनीतल्या बोअरचं म्हणतोय. आपल्याकडच्या विहिरी आणि बोअरवेलच्या पाण्यात क्षार भरपूर. चहाच्या टपरीवर थांबलं की ड्रायव्हर रेडिएटरमध्ये बाटलीभर ओततो, वाफ उडून जाते, खार मागे राहतो. हेड उतरवल्यावर वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे बोअरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, डोकावलं तर वॉटर बॉडीपासून (पाण्याच्या पंपापासून) लांबच्या बाजूला, तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरभोवती, पांढरट-तपकिरी पापुद्रा दोन-अडीच मिलिमीटर जाड बसलेला. स्क्रू ड्रायव्हरने टोचला तर बिस्किटासारखा तुटतो. लोखंडाची उष्णता पाण्यापर्यंत पोचायच्या वाटेत ही भिंत. तिसऱ्याचा पिस्टन तापून फुगला, बोअरला घासला, वरची रिंग काजळीत अडकून फिरेनाशी झाली, हेड तिथेच वाकलं आणि गॅस्केट तिथेच जळलं. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज सरकवला तर मधोमध ०.१२ मिलिमीटरचं पान जात होतं. ०.०५ च्या पुढे आम्ही हेड फेसिंगशिवाय, म्हणजे मशीनवर सपाट केल्याशिवाय, बसवत नाही.

नुसतं पाणी आणि थर्मोस्टॅटवर सगळं ढकलणं मात्र बरोबर नाही. चारही इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावले तेव्हा तिसरा बंद व्हायच्या जागी ठिबकत होता. ठिबकणारा नोझल पिस्टनचं डोकं भाजतो आणि बोअर धुतो. मालक म्हणतात, पिकअप चांगलीच होती, अचानक बसली. अचानक काही बसत नाही. सहा-आठ महिने सकाळी स्टार्टिंगला पांढरा धूर देऊन ती सांगत असते.

गाडी उतरवण्याचं काम दीड दिवसाचं. आधी बाहेरून प्रेशरने धुवायची, नाहीतर सगळा चिखल उघड्या इंजिनात पडतो. वायरिंगच्या प्रत्येक सॉकेटचा फोटो, आणि दोन सारखे सॉकेट शेजारी असतील तर एकाला टेप. डिझेलच्या पायपांची तोंडं उघडताक्षणी झाकायची. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो, तिथे धुळीचा कण म्हणजे वाळूचा खडा. बीएस३ च्या जुन्या मेकॅनिकल पंपावर हात बसलेले कारागीर इथेच चुकतात. कॉमन रेलचा पाइप चालू इंजिनावर सैल करून ‘डिझेल येतंय का’ बघायची जुनी सवय तर जिवावर बेतणारी आहे. ती धार कातडीतून आत शिरते.

क्रँक काढल्यावर बेअरिंगचे शेल उलटे करून ओळीने मांडले. मेन बेअरिंगच्या दोन शेलांवर वरचा करडा थर जाऊन तांबूस रंग दिसत होता. जर्नलवर, म्हणजे क्रँकचा जो भाग शेलात फिरतो त्यावर, नख फिरवलं तर रेघ लागली. पहिल्या साइझला ग्राइंडिंग, म्हणजे ०.२५ मिलिमीटर कमी, आणि तसेच शेल. तिसऱ्या साइझपर्यंत जाता येतं, पण ज्याने पहिला साइझ वापरला त्याच्याकडे अजून दोन शिल्लक राहतात. जुनी पिकअप घेताना हा प्रश्न विचारायला लोक विसरतात: क्रँक कुठल्या साइझला आहे?

मशीन शॉपला ब्लॉक पाठवताना एक नियम: पिस्टन आधी घ्यायचे, आणि ब्लॉकबरोबर लेथवाल्याच्या हातात द्यायचे. ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइझचे चार पिस्टन म्हणजे चारही हुबेहूब सारखे असं नसतं. प्रत्येकाचा स्कर्ट मायक्रोमीटरने मोजून त्याच्यापुरता बोअर करायचा आणि कुठला पिस्टन कुठल्या बोअरचा हे खडूने लिहायचं. आधी बोअर करून मग पिस्टन आणायला गेलं, की एखादा घट्ट बसतो आणि हजार किलोमीटरच्या आत सीझ होतो. होनिंगच्या, म्हणजे दगडाने बोअर घासताना पडणाऱ्या, तिरप्या रेघा एकमेकींना ४५ ते ६० अंशांत छेदताना दिसल्या पाहिजेत. त्याच रेघांत ऑइल टिकतं. आरशासारखा चकचकीत बोअर दाखवून कुणी कौतुक करायला लागलं तर तो ब्लॉक परत द्यावा.

ब्लॉक परत आला की धुणं. यावर जितका वेळ घालवाल तितका थोडा. होनिंगचं दगडी पीठ डिझेलने किंवा रॉकेलने निघत नाही, ते नुसतं पसरतं. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश. ऑइलच्या गॅलरीचे प्लग काढून लांब ब्रश आरपार. मग कोरडी हवा, मग बोअरला ऑइलचा हात, आणि पांढरं फडकं आतून फिरवायचं. फडकं करडं निघालं तर पुन्हा पाणी. नवं इंजिन पंधरा हजारांत ऑइल खायला लागलं अशी जी कामं परत येतात, त्यांतली बरीचशी या फडक्यावर अडलेली असतात. वॉटर जॅकेटमधला खार मात्र खरवडून आणि केमिकल फिरवूनच काढावा लागतो. रेडिएटर वेगळा, त्याच्या टाक्या उघडून नळ्यांतून सळई फिरवून.

मशीन शॉपला तीन दिवस गेले, आणि तेवढ्यात पार्ट जमवायचे. पार्टच्या दुकानात उभं राहिलं की ब्रँडवरचं प्रेम नेमकं कशावर आहे ते दिसतं.

आपल्याकडे गाड्यांच्या नावांनी भाषाच बदलली आहे. आकुर्डीची बजाज टेम्पो कंपनी २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली, पण मालाची कुठलीही छोटी गाडी अजून टेम्पोच. त्याच २००५ मध्ये टाटांची एस आली, दोन सिलिंडरची, ७०२ सीसीची, आणि तिचं छोटा हत्ती झालं. ‘पिकअप’ म्हटलं की आमच्या बाजूला महिंद्राचीच गाडी समजतात. टाटांची योद्धा घेतलेला माणूस ‘योद्धा घेतली’ म्हणतो, लेलँडची दोस्त घेतलेला ‘दोस्त’ म्हणतो. एखाद्या गाडीला सगळ्या जातीचं नाव मिळालं, की तिचा पार्ट दर फाट्यावर मिळतो, तिच्यावर हात बसलेला मिस्त्री दर गावात असतो आणि विकताना गिऱ्हाईक दारात येतं. मालक ज्याला गाडीची मजबुती म्हणतो, त्यातला मोठा भाग हा आहे. रात्री अकराला आळेफाट्याला क्लच गेला आणि सकाळी सहाला गाडी वाशीच्या गेटवर लागली, तर ती गाडी भरवशाची. दुसऱ्या कंपनीची तितकीच चांगली गाडी पार्टसाठी दोन दिवस पुण्याची वाट बघत उभी राहिली, तर ती गावभर बदनाम.

दुधाच्या रूटवरच्या गाड्या बघा. त्याच कंपन्या, तीच इंजिनं. पण वजन ठरलेलं, वेळ ठरलेली, ड्रायव्हर एकच, रस्ता पाठ. त्या चार-चार लाख किलोमीटर हेड न उघडता चालतात. भाजीची गाडी बघा. दीड टनाच्या पिकअपमध्ये टोमॅटोचं क्रेट, मालासकट बावीस किलोचं धरलं तर, अडुसष्ट बसतात. बाजारात उतरवून मोजा, एकशेतीस निघतात. म्हणजे दोन हजार आठशे साठ किलो, जवळजवळ दुप्पट. त्यासाठी मागे स्प्रिंगचे दोन जादा पाटे घातलेले असतात. पाटा वजन सोसतो, पण तो हौद्याखालच्या चासीचं, हाऊसिंगचं, हबच्या बेअरिंगचं, क्लचचं आणि ब्रेकचं काही बघत नाही. जादा पाटे घातलेली गाडी रिकामी धावताना दगडासारखी उडते आणि मग चासीला पाट्याच्या ब्रॅकेटजवळ चीर जाते. २०१९ पासून ओव्हरलोडला वीस हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. ते भीतीपुरतं. खरा दंड क्लचच्या बिलात भरला जातो.

तर पार्ट. दुकानात एकाच वस्तूचे तीन भाव असतात. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, पार्ट बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यातला, आणि लोकल. पहिल्या दोन डब्यांत पुष्कळदा एकाच कारखान्यातला माल असतो. फरक डब्याचा आणि पंधरा-वीस टक्क्यांचा. इंजेक्टर-नोझल बनवणारा बॉशचा कारखाना नाशिकला, लायनर बनवणारी कूपर साताऱ्याला, क्रँक घडवणारी भारत फोर्ज पुण्यात. कंपनीचंच पाहिजे म्हणून हट्ट धरणारा मालक कधीकधी शेजारच्याच जिल्ह्यातला माल लांबून फिरवून आणतो. तिसऱ्या डब्याबद्दल मात्र तडजोड नको अशा जागा ठरलेल्या आहेत: बेअरिंग, हेड गॅस्केट, ऑइल फिल्टर, टायमिंगचा टेन्शनर, क्लचचं रिलीज बेअरिंग. यांतला एक जरी फसला तर पुन्हा सगळं उतरवावं लागतं आणि मजुरी दुप्पट. आरसा, मडगार्ड, टेल लॅम्पची काच, खुशाल लोकल घ्या. नकली ओळखायची तर जुना पार्ट बरोबर न्यायचा आणि हातावर तोलायचा. नकली बेअरिंग सहसा हलकं लागतं, छपाईची अक्षरं बोटाने पुसतात.

जोडणीचं सगळं सांगत बसत नाही, जिथे हात घाई करतो तेवढंच. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी ती नुसती बोअरमध्ये ढकलून तोंडातली फट मोजायची, या मापाच्या इंजिनाला साधारण ०.३० ते ०.५० मिलिमीटर. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते. तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. पिस्टन बसल्यावर तो ब्लॉकच्या पातळीच्या किती वर येतो ते डायल गेजने मोजायचं आणि त्यावरून हेड गॅस्केटची जाडी निवडायची. गॅस्केटच्या कडेला खाचा असतात, एक, दोन किंवा तीन. जुन्याला जितक्या होत्या तितक्याच नव्याला, हा अंदाज ब्लॉकला पॉलिश मारलं असेल तर चुकतो. हेडचे बोल्ट नवे. ते एकदा ताणले गेले की पुन्हा तितकी पकड देत नाहीत. मधून बाहेरच्या क्रमाने, आधी टॉर्क रेंच, मग मॅन्युअलमधले अंश. मोठ्या पान्याने “आणखी थोडं” आवळणारा मदतनीस असेल तर त्याला त्या वेळेपुरतं चहाला पाठवावं.

इंजेक्टरखालचे तांब्याचे वायसर नवेच. तिसरा इंजेक्टर बदलला, बाकी तीन कॅलिब्रेट करून आले. इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड असतो, तो स्कॅनर लावून कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो, सिलिंडरच्या नंबराप्रमाणे. हे राहून गेलं तर गाडी चालू होते, पण आयडलिंगला थडथडते, आणि मालक नव्या इंजिनावर संशय घेतो.

गिअरबॉक्स खाली आहेच, तर क्लच त्याच वेळी. प्लेट अजून चाळीस टक्के शिल्लक असली तरी. नंतर एकट्या क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायची मजुरी वेगळी पडते. फ्लायव्हीलवर निळे डाग दिसले तर ते ड्रायव्हरच्या डाव्या पायाचे: घाटाच्या रांगेत हँडब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरतात. फेसिंग केलं. क्रँकच्या मागचा ऑइल सील आणि पायलट बेअरिंग यांना मिळून हजाराच्या आत पैसे लागतात. ते न बदलता नवी क्लच प्लेट टाकली आणि सील गळला, तर प्लेट ऑइलात भिजून सगळं पुन्हा खाली.

बिल असं झालं. पिस्टन-रिंग, बेअरिंग, गॅस्केट किट, हेड बोल्ट, ऑइल पंप, वॉटर बॉडी आणि थर्मोस्टॅट मिळून ३५,१५०. मशीन शॉप १३,५००. इंजेक्टर, एक नवा आणि तीन कॅलिब्रेशन, १८,७००. क्लच सेट आणि फ्लायव्हील ९,३००. रेडिएटर २,२००. ऑइल, फिल्टर, कूलंट ५,३००. मजुरी १६,०००. एकूण १,००,१५०. यात थर्मोस्टॅट ७५० रुपयांचा.

आकडा ऐकून गाडी विकून टाकावी असं प्रत्येकाला वाटतं. दोन लाख ऐंशी हजारांवर भागलं तर हे किलोमीटरला छत्तीस पैसे होतात. डिझेलवर त्याच किलोमीटरला सात रुपये जातात आणि त्याबद्दल कुणी हळहळत नाही. त्रास एकरकमी द्यावे लागतात त्याचा आहे. जे मालक फेरीमागे दीडशे-दोनशे रुपये गाडीच्या नावाने वेगळे टाकतात, ते बिल बघून हसत नाहीत, पण उभे राहतात. विकायचा हिशोब करायचाच तर पासिंगचा धरा: आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी, आणि वर पर्यावरण कर. शिवाय इंजिन नवं केल्याचा भाव तोंडी सांगून मिळत नाही. मशीन शॉपचं बिल, ज्यावर बोअर आणि क्रँकचा साइझ लिहिलेला आहे, ते जपून ठेवलं तर मिळतो.

यापेक्षा नवी बीएस६ घेऊ का, हा पुढचा प्रश्न. २०१७ च्या मार्चअखेर बीएस३ गाड्यांवर सवलतींची झुंबड उडाली होती, तेव्हा घेतलेले अजून मिरवतात की आमच्याकडे सेन्सर नाहीत. सेन्सर वाईट नसतो. बीएस६ ला काजळीचा फिल्टर आला, आणि तो भरल्यावर आतल्या आत जाळायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. नारायणगाव–वाशी करणाऱ्याला ते आपोआप होतं. गावातल्या गावात पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याचा फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, तो दिवा दुर्लक्षून चालवत राहतो आणि मग कंपनीला शिव्या. अशाने सीएनजीची छोटी गाडी घ्यावी. या गाड्यांना ऑइलही कमी राखेचं, सीके-४ दर्जाचं लागतं. जुन्या पिकअपचं स्वस्त ऑइल टाकलं की फिल्टर राखेने भरतो, आणि राख जळत नाही.

पहिल्यांदा चालू करण्याआधी इंजेक्टरचे सॉकेट काढून नुसता सेल्फ मारायचा, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग सॉकेट लावून स्टार्ट. काटा मध्यावर येईपर्यंत रेडिएटरजवळून हलायचं नाही. वरचा पाइप आधी थंड, मग एकदम गरम झाला की नवा थर्मोस्टॅट उघडला समजायचं. हवा निघून पाणी खाली बसतं, तेवढं कूलंट-डिस्टिल्ड वॉटरचं मिश्रण पुन्हा भरायचं. मालकाला सोबत पाच लिटरचा कॅन मिश्रण तयार करून द्यायचा आणि ड्रायव्हरसमोर द्यायचा, कारण टपरीवर बाटली त्याच्याच हातात असते.

पहिले हजार किलोमीटर अर्धं वजन, घाटात खालचा गिअर, एकाच वेगात तासन् तास नाही, आणि आयडलिंगवर उभी ठेवून गप्पा नाहीत. रिंगा बोअरला बसायला थोडा दाब लागतो. फार जपून चालवलेलं इंजिनही ऑइल खायला लागतं. हजाराला गाडी परत घ्यायची, सहा लिटर ऑइल सोडायचं, फिल्टर बदलायचा. जुना फिल्टर फेकायचा नाही. करवतीने कापून कागदाच्या घड्या उन्हात उलगडायच्या, आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर बोट फिरवायचं. करडा, लोण्यासारखा लगदा आला तर क्रेट भरायला मोकळीक. चमचमते कपचे आले तर त्याच दिवशी पॅन पुन्हा खाली.